‘आपल्याला कशाला हवाय ट्रेलर?’ : अमेरिकेतल्या मराठी घरात जोडीदाराला राजी करताना

रात्री अकरानंतर दोघांपैकी एकजण फोनवर छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोलीचे, व्हिडिओ बघत असतो. एखादा आवडला की शेजारी झोपलेल्याला दाखवतो. शेजारचा म्हणतो, “छान आहे,” आणि कूस बदलतो. दाखवणाऱ्याला वाटतं, निम्मं काम झालं. पुढच्या आठवड्यात तो किंमत सांगतो आणि तिथेच विषय संपतो.

आमच्याकडे हे वेड माझं होतं आणि विरोध नवऱ्याचा. ओळखीच्या बऱ्याच घरांत उलटं असतं, पण वाद तेच आणि त्याच क्रमाने होतात. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. नाही म्हणणारा माणूस ट्रेलरला नाही म्हणत नसतो. त्याच्यामागून घरात शिरणाऱ्या कामाला आणि खर्चाला तो नाही म्हणत असतो, कारण त्यातलं बरंचसं आपल्याच अंगावर पडणार हे त्याला अनुभवाने माहीत असतं. त्यामुळे सूर्यास्ताचे फोटो दाखवून काही होत नाही. कामाचं आणि पैशाचं आधी बोलावं लागतं.

पहिली पायरी : नकार नीट ऐकून घ्या

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न विचारा: “तुला यातलं नेमकं काय नको वाटतं?” मग गप्प बसा. मध्ये “पण” म्हणायचं नाही. जे ऐकाल ते कागदावर लिहा. मराठी घरांत ही यादी थोड्याफार फरकाने अशी निघते.

संडासाचं काय? (मनात पहिला असतो, तोंडावर शेवटी येतो.) सुट्टीतही मीच पोळ्या लाटायच्या का? माझी पाठ त्या गादीवर टिकेल का? एवढ्या पैशांत चौघांची भारतवारी होते. ग्रीन कार्डाचा पत्ता नाही, उद्या परत जावं लागलं तर हे धूड कुठे टाकायचं? ड्राइव्हवेत उभं केलं तर एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालक संघटनेचं, पत्र येईल. मी ते चालवणार नाही, रिव्हर्स तर अजिबात नाही. आणि एक मुद्दा, जो लोक चटकन बोलत नाहीत: आडगावच्या कॅम्पग्राउंडवर आपण एकटेच देशी असू, तिथे रात्री सुरक्षित वाटेल का?

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेवटच्याला तर सरळ उत्तर आहे: सुरुवात स्टेट पार्कपासून करायची. तिथे रेंजर असतात, बहुतेक ठिकाणी कॅम्पग्राउंड होस्ट मुक्कामाला असतो, शेजारच्या जागांवर मुलाबाळांची कुटुंबं असतात. जंगलातल्या एकाकी फुकट जागा पुढे कधीतरी, किंवा कधीच नाहीत.

दुसरी पायरी : आपली गाडी काय ओढू शकते

ही पायरी जोडीदाराशी दुसऱ्यांदा बोलायच्या आधीची आहे. ट्रेलरसोबत नवीन गाडीही घ्यावी लागणार असेल, तर तो वेगळाच आणि बहुधा हरलेला खटला आहे.

गाडीची पुस्तिका काढा. होंडा सीआर-व्ही १,५०० पौंडांपर्यंत ओढते. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या ओडिसी आणि नव्या सिएना ३,५०० पौंडांच्या. पेट्रोलवरची हायलँडर ५,००० पौंड ओढते, तिचीच हायब्रिड ३,५००. टेस्ला मॉडेल वाय टो पॅकेज असेल तर ३,५०० पौंड ओढते, पण रेंज मोठ्या प्रमाणात घटते, कधी जवळजवळ निम्म्यावर येते, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनवर ट्रेलर सोडवून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. आपल्या मॉडेलचा आणि सालाचा आकडा पुस्तिकेतच बघा. काही गाड्यांत माणसं वाढली की ओढायची मर्यादा कमी होत जाते, तेही तिथेच लिहिलेलं असतं. गाडी लीजवर असेल, तर हिच (ट्रेलर अडकवायची गाडीमागची जोडणी) बसवायच्या आधी करार वाचा.

आता ट्रेलरचं वजन. विक्रेता सांगतो ते रिकामं वजन असतं. समजा तो १,९०० पौंड म्हणाला. पाण्याचं वजन गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे २० गॅलनची टाकी भरली की १६६ पौंड. प्रोपेनची नेहमीची २० पौंडी टाकी भरल्यावर ३७ पौंडांच्या आसपास जाते. बॅटरी ५० धरा. मग भांडी, गाद्या, खुर्च्या, कूलर, मुलांच्या सायकली आणि “असू दे, लागेल” म्हणून घेतलेलं सगळं. २,५०० पौंड सहज होतात. म्हणून ३,५०० च्या गाडीमागे भरलेला ट्रेलर २,८०० च्या आत राहील असं बघावं. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांच्या चढावर हा फरक कळतो.

अजून एक आकडा लोक विसरतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर पडायला हवा. कमी पडला तर हायवेवर ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं, म्हणून जड सामान चाकांच्या पुढे भरायचं. पण हा भार गाडीच्या स्वतःच्या क्षमतेतूनच वजा होतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. समजा तिथे १,२०० लिहिलंय. आई-बाबा धरून सहा माणसांचे ८००, गोळ्यावरचा भार ३००, उरले १००. एवढ्यात बॅगा बसवून दाखवा.

हा हिशेब कागदावर तयार असला की “झेपेल का आपल्या गाडीला?” या प्रश्नाला “हो गं” किंवा “अरे, होईल” असं मोघम उत्तर द्यावं लागत नाही.

तिसरी पायरी : कोणता ट्रेलर, हे नकारावरून ठरवा

आपल्याला आवडलेला ट्रेलर पुढे करू नका. कागदावरची यादी पुढे ठेवा आणि तिच्याशी जुळेल तो शोधा.

टीअरड्रॉप सर्वात हलका आणि दिसायला गोड. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. उभं राहता येत नाही, संडास बहुधा नसतो. मुलं नसलेल्या किंवा मुलं कॉलेजला गेलेल्या जोडप्यांसाठी हा उत्तम. पॉप-अप स्वस्त, हलका आणि चार-सहा जण झोपवणारा, पण बाजू कापडी असतात. पावसात मिटला तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. शिवाय अस्वलांच्या भागात काही कॅम्पग्राउंड कापडी बाजूंना परवानगीच देत नाहीत. यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज त्यातलंच.

यादीत संडास आणि पाठ हे दोन मुद्दे वर असतील, तर माझा कौल छोट्या फायबरग्लासच्या ट्रेलरला. मिनेसोटात बनणारा स्कॅम्प १३ फुटांपासून मिळतो, टेक्सासचा कसिटा त्याहून थोडा मोठा. यांचं कवच मोजक्या साच्यांतल्या भागांचं असतं, छताला सांधे कमी, म्हणून पाणी झिरपायच्या जागाही कमी. जुने झाले तरी किंमत टिकवतात, त्यामुळे वापरलेला स्वस्तात मिळेल ही आशा मात्र सोडा.

संडासाचं स्पष्ट बोला. तीन पर्याय आहेत. पहिला, ट्रेलरमध्ये संडास नाही, कॅम्पग्राउंडचा वापरायचा. दुसरा, कॅसेट: बाहेरच्या दारातून मैल्याची छोटी टाकी काढायची आणि डंप स्टेशनवर (मैला सोडायच्या ठरलेल्या जागी) किंवा परवानगी असेल तिथे संडासात रिकामी करायची. तिसरा, ट्रेलरच्या पोटात मोठी टाकी आणि डंप स्टेशनला पाइप लावून ती सोडायची. छोट्या ट्रेलरला दुसरा पुरतो. रात्री दोन वाजता सासूबाईंना टॉर्च घेऊन चालत जावं लागणार नाही, हे एक वाक्य पुष्कळ काम करतं.

चौथी पायरी : पैशाचा कागद

“हॉटेलचे पैसे वाचतील” असं सांगून ट्रेलर विकत घ्यायला लावणारे लोक मला पटत नाहीत. आकडे मांडून बघा. खाली दिलेले समजुतीसाठी धरलेत, तुमच्या भागातले भाव घाला.

वापरलेला ट्रेलर ९,००० डॉलरला घेतला आणि चार वर्षांनी ६,००० ला विकला, तर वर्षाला ७५० गेले. स्टोरेज महिना ८० म्हणजे वर्षाचे ९६०. विमा आणि नोंदणी ३००. टायर, बेअरिंग, सीलंट, हिवाळ्याची तयारी असे ३००. वर्षाला झाले २,३१०. आता मोटेलची रात्र १५० आणि कॅम्पसाइट ३५ धरली तर रात्रीमागे ११५ वाचतात. म्हणजे वर्षाला २० रात्री बाहेर राहिलात तर बरोबरी. दोन रात्रींचा एक वीकेंड धरला तर दहा वीकेंड.

आता कॅलेंडर उघडा. रविवारची मराठी शाळा, मुलांचं पोहणं, मंडळाचा गणपती, दिवाळीचा कार्यक्रम, वाढदिवसांची रांग. उन्हाळ्यात आई-बाबा आलेले. मे ते ऑक्टोबर या काळात दहा वीकेंड मोकळे सापडतात का, ते दोघांनी मिळून बघा. बहुतेक घरांत सापडत नाहीत. म्हणून हा खर्च बचत म्हणून मांडू नका, हौस म्हणूनच मांडा, आणि ती हौस भारतवारीच्या पैशांतून होणार नाही याची तजवीज आधी सांगा. माझा बोनस, माझी जुनी सायकल विकून, माझ्या वाटच्या खर्चातून: जे असेल ते. आकडा मोठा निघाला तरी लपवू नका. जोडीदार तो स्वतः काढेल तेव्हा दुप्पट मोठा दिसेल.

झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या ट्रेलरच्या कर्जाचं व्याज दुसरं घर म्हणून करात वजा होऊ शकतं, हे कोणीतरी पॉटलकला सांगणारच. त्यासाठी आयटमाइज करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवावी लागते, आणि बहुतेक लोक स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरलेली सरसकट वजावट, घेतात. हा मुद्दा सोडून द्या.

व्हिसाचा मुद्दा मात्र खरा आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हाताशी असतात. म्हणून अशा घरात माझा नियम सोपा आहे: कर्ज काढायचं नाही, नवा कोरा घ्यायचा नाही. वापरलेला, रोखीने घेतलेला, टायटल (मालकीचा कागद) हातात असलेला छोटा ट्रेलर उन्हाळ्याच्या तोंडावर विकायला फारसा त्रास होत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यावर घेतलेला नवा ट्रेलर विकायला काढला की देणं जास्त आणि किंमत कमी, असं होऊ शकतं.

पाचवी पायरी : कामाची वाटणी, लेखी

खरी बोलणी इथे होते. ज्याचा हट्ट, त्याच्याकडे घाणेरडी आणि कंटाळवाणी कामं. यात सवलत मागू नये.

टाकी रिकामी करणं तुमचं. मोठी टाकी असेल तर क्रम लक्षात ठेवा: हातमोजे, आधी पाइप दोन्हीकडे घट्ट, मग मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, तो मिटवून सांडपाण्याचा, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, वेगळ्या पिशवीत. सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण “ते मी करीन, कायम” हे शब्द बोलून दाखवा.

हिच जोडणं, दिवे तपासणं, टायरची हवा, घरी आल्यावर चादरी धुणं, हिवाळ्याआधी पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरणं: हेही तुमचं. बुकिंगही तुमचंच, आणि ते किरकोळ नाही. शेनंडोआसारख्या नॅशनल पार्कच्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि ऑक्टोबरच्या रंगांचे वीकेंड बघता बघता संपतात.

स्वयंपाकाचं वेगळं बोला, कारण पुष्कळ बायकांचा नकार इथेच अडकलेला असतो. छोट्या ट्रेलरमध्ये फोडणी केली तर गाद्यांना महिनाभर वास येतो, म्हणून शेगडी बाहेरच्या टेबलावर. पोळ्या लाटायच्या नाहीत, हे ठरवूनच निघायचं. घरून ठेपले, गोठवलेली उसळ, डब्यात भाजलेला रवा. प्रेशर कुकर न्यायचा असेल तर छोटा. मुगाची खिचडी आणि पापड यावर एक रात्र मजेत निघते. दुसऱ्या रात्री निखाऱ्यावर कणसं आणि पनीर, आणि ते भाजणारा दुसरा असेल. अस्वलं असतील तिथे उरलंसुरलं बाहेर ठेवायचं नाही, भांडी झोपण्याआधी घासायची. ती कोण घासणार, हेही लिहा.

सहावी पायरी : एक वीकेंड भाड्याने

विकत घेण्याआधी भाड्याने घ्या, याला माझ्याकडे अपवाद नाही. आउटडोर्सी, आरव्हीशेअर यांसारख्या ठिकाणी लोक स्वतःचे ट्रेलर भाड्याने देतात. काही मालक ट्रेलर कॅम्पसाइटवर आणून लावून देतात आणि नंतर घेऊनही जातात. पहिल्या वेळी थोडे जास्त पैसे देऊन हेच करा. गाडीला हिच नको, ओढायची धास्ती नको. जोडीदाराला फक्त राहून बघायचंय.

हा वीकेंड तुमच्या स्वप्नातला नसावा. तो नकार देणाऱ्याच्या सोयीचा असावा. घरापासून दोन तासांच्या आत. न्यू जर्सीच्या मध्यावर राहणाऱ्यांना पोकोनोतलं प्रॉमिस्ड लँड स्टेट पार्क या टप्प्यात येतं. विजेची जोडणी असलेली जागा, म्हणजे रात्री हीटर किंवा एसी चालेल. बुकिंगच्या पानावर शॉवर आहेत का ते बघा, आणि नकाशावर संडासापासून फार लांबही नाही, अगदी दारातही नाही अशी जागा निवडा. महिना मेचा शेवट किंवा सप्टेंबर. जुलैचे डास आणि गर्दी दोन्ही तुमच्या विरुद्ध साक्ष देतात. रात्री दोनच. घरच्या उशा न्या, पातळ गादीवर टाकायला फोमचा थर न्या. पाठीच्या मुद्द्यावर तो थर कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलतो.

सोबत दुसरी कुटुंबं बोलावू नका. चार घरं जमली की तो ट्रेलरचा वीकेंड राहत नाही, मंडळाची सहल होते, आणि स्वयंपाक कोणावर पडतो ते आपल्याला ठाऊक आहे.

परतताना गाडीत “मग, कसं वाटलं?” विचारू नका. घरी आल्यावर थकवा असतो, कपड्यांचा ढीग असतो. दोन-चार दिवस जाऊ द्या. त्या काळात जोडीदार स्वतःहून कोणाला फोनवर काय सांगतो ते ऐका. “सकाळी चहा बाहेर बसून प्यायलो” सांगितलं जातंय की “रात्रभर झोप नाही”, यावरून तुमचं उत्तर कळेल. मग कागद काढा आणि एकेक मुद्दा खोडता येतो का ते बघा. जो खोडला जात नाही त्याच्याशी भांडू नका. त्यावर दुसरा वीकेंड, दुसऱ्या प्रकारचा ट्रेलर.

ओढायचं शिक्षण दोघांनी घ्या

गाडी ओढणार कोण, हा प्रश्न एकाच माणसावर सोडला की दुसरा कायम प्रवासी राहतो आणि प्रवाशाला भीती जास्त वाटते. रविवारी सकाळी एखादं रिकामं पार्किंग गाठा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला हात न्यायचा. हळू, थोडं थोडं. बिघडलं तर पुढे घेऊन पुन्हा. मागे उभं राहून “अरे डावीकडे, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या” असं ओरडण्यापेक्षा दोघांनी फोन चालू ठेवून बोलणं बरं. खूप छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर वळतो, म्हणून तो रिव्हर्सला सोपा असेल असं गृहीत धरू नका.

रस्त्यांचंही बघून ठेवा. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे, आणि साधा जीपीएस तुम्हाला खुशाल तिकडे नेतो. आय-९५ ने वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत नेहमीची २० पौंडी प्रोपेनची टाकी चालत नाही. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायचे. तो मार्च २०२४ मध्ये कोसळला, त्यामुळे आता आय-६९५ ने शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल.

होकार आला तर

लगेच पैसे देऊ नका. वापरलेला ट्रेलर बघायला दोघं जा आणि नकाराधिकार जोडीदाराकडे ठेवा. आत शिरल्याबरोबर कुबट वास आला तर परत या. कोपरे, खिडक्यांखालची भिंत आणि फरशी बोटांनी दाबा. मऊ लागलं की आतलं लाकूड कुजलंय. छोट्या ट्रेलरचा मुख्य शत्रू पाणीच. टायरच्या बाजूला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागायचा. गॅसच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. फ्रिज आधीपासून चालू ठेवायला सांगा. टायटलवरचं नाव समोरच्या माणसाचंच आहे ना, त्यावर कोणाचं कर्ज नाही ना, हे पैसे देण्याआधी.

घरी आणण्याआधी एचओएचे नियम वाचून स्टोरेजची जागा ठरवलेली असावी.

आणि नकार कायम राहिला तर

तर राहिला. गपचूप डिपॉझिट भरून “सरप्राइज” देणाऱ्यांचा ट्रेलर पुढे कोणाच्या अंगणात वाळत पडतो ते मी पाहिलंय. वर्षातून दोनदा भाड्याचा ट्रेलर घ्या. विमा नाही, स्टोरेज नाही, हिवाळ्याची चिंता नाही. पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच स्टेट पार्कांत यर्ट (गोल तंबूसारख्या खोल्या) आणि छोट्या लाकडी कॉटेज मिळतात, जोडीदाराला त्या चालतील. परिस्थिती बदलली, म्हणजे मुलं मोठी झाली, ग्रीन कार्ड आलं, बाजूला जागा असलेलं घर मिळालं, की विषय पुन्हा काढायला हरकत नाही. मधल्या काळात गाडीला हिच तेवढा बसवून घ्यायची परवानगी मागा. ती सहसा मिळते, कारण सायकलींच्या रॅकलाही तोच लागतो.